गॅसची टाकी हलवून नव्हे, तोलून घ्या

सिंहगड रस्त्यावरून धायरी फाट्याला वळले की फॅब्रिकेशनच्या शेड, गॅरेज, भंगारची दुकाने, चहाच्या टपऱ्या आणि बिर्याणीची छोटी हॉटेले यांची रांग लागते. २०१७ साली पुणे महापालिकेत जी ११ गावे आली त्यांत धायरीचेही नाव होते. गाव शहरात गेले, वस्ती वाढली आणि वस्तीबरोबर भट्ट्याही वाढल्या. कोणी देग चढवतो, कोणी समोसे तळतो, कोणी ऑक्सिजनला गॅस जोडून लोखंडी पत्रा कापतो, कोणी फ्रीजच्या तांब्याच्या नळीला टाका मारतो. धंदे वेगळे असले तरी दारामागे उभी असलेली गॅसची टाकी सर्वांची सारखीच.

या भागातील एका रविवारची हकीकत सांगतो. आमच्या ओळखीचे एक बावर्ची आहेत, त्यांना सारे चाचा म्हणतात. वलीम्याच्या जेवणाचे काम होते. दोन देगा, पाहुणे दुपारी एकला बसणार. मटण शिजून तयार होते. आधणाला उकळी फुटली, तांदूळ सोडले आणि पाच मिनिटांत ज्योत बसू लागली.

शागीर्द म्हणाला, "चाचा, टाकी तर आजच लावली. घेताना हलवून बघितली होती, भरलेली वाटली."

"वाटली ना? मग आता वाटण्यावरच भात शिजव," चाचा म्हणाले.

दुसरी टाकी चाचांच्या घरी होती. मुलगा स्कूटर घेऊन धावला, पण टाकी येईपर्यंत तांदूळ गरम पाण्यात बसून राहिला. बाहेरून पिचका, आतून कच्चा. पाहुण्यांना जेवायला घातले, पण यजमानाने हिशेबात पैसे कापले. पैशांपेक्षा मोठे नुकसान असे, की त्या मांडवात बसलेल्यांपैकी पुढचे काम देणारे चार जण तरी गेले.

संध्याकाळी चाचांनी त्याच खेपेत घेतलेली तिसरी, सीलबंद टाकी शेजारच्या भंगारवाल्याच्या काट्यावर ठेवली. टाकीवर रिकाम्या टाकीचे वजन १७.८ किलो लिहिलेले होते. त्यात १९ किलो गॅस धरला तर काट्यावर ३६.८ यायला हवे होते. आले ३४.१. दोन किलो सातशे ग्रॅम कमी! सात टाक्यांचे पैसे द्यायचे आणि जवळजवळ सहा टाक्यांचाच गॅस घ्यायचा, असा तो व्यवहार झाला. टाक्या एजन्सीकडून न घेता थोड्या पैशांच्या बचतीसाठी फोनवरून कोणा मध्यस्थाकडून घेतलेल्या. पावती नाही, नाव नाही. तक्रार करायची तर कोणाविरुद्ध?

ही एकट्या चाचांची गोष्ट असती तर येथे लिहिले नसते. पण आपले बहुतेक लहान व्यापारी व कारागीर गॅस असाच घेतात. मटणाचा व्यापारी बोकड तोलून घेतो. भंगारवाला तांब्याची तार ग्रॅममध्ये मोजतो. सोनाराचा काटा तर काचेच्या पेटीत असतो. बेकरीवाला मैद्याचे पोते उतरवून घेताना काट्याजवळ स्वतः उभा राहतो. आणि हेच आपण सारे गॅसची टाकी मात्र पायाने थोडी कलंडवून, बोटाने वाजवून आत घेतो. पाण्यात म्हैस आणि बाहेर मोल म्हणतात, ते याहून वेगळे काय असते? गॅस किलोने विकला जातो, तर तो किलोनेच घेतला पाहिजे, एवढेच आमचे म्हणणे आहे.

ज्योत काही सांगत नाही

टाकीत किती गॅस उरला हे ओळखण्याच्या अनेक युक्त्या आपल्याकडे चालतात. त्या का फसतात हे समजून घेतले तर काट्याची गरज पटेल.

पहिली युक्ती ज्योतीची. ज्योत मोठी आहे, म्हणजे गॅस भरपूर आहे असे आपण मानतो. टाकीत प्रोपेन आणि ब्युटेन यांचे मिश्रण असते व ते दाबाखाली पातळ द्रव होऊन राहते. वरच्या मोकळ्या जागेत त्याची वाफ असते आणि आपण जाळतो ती ही वाफ. बंद टाकीतील वाफेचा दाब मुख्यतः द्रवाच्या तापमानावर ठरतो, द्रव किती आहे यावर नाही. द्रव दहा किलो असो की एक किलो, हवामान तेच असेल तर दाब जवळपास तोच राहतो. म्हणून ज्योत शेवटपर्यंत नेहमीसारखी दिसते आणि द्रव संपत आला की एकदम बसते. चाचांना ज्योतीने आधी इशारा का दिला नाही, याचे उत्तर हेच.

दुसरी युक्ती दाब दाखवणाऱ्या घड्याळाची. काही कारागीर रेग्युलेटरला घड्याळ लावतात आणि काटा हिरव्या पट्ट्यात दिसला की निर्धास्त होतात. ऑक्सिजनच्या टाकीला हे लागू पडते, कारण तेथे आत द्रव नसतो, दाबलेला वायूच असतो. तो जितका वापरला तितका दाब उतरतो. जळणाच्या गॅसचे तसे नाही. पत्रा कापणाऱ्यांच्या शेडमध्ये दोन्ही टाक्या शेजारी उभ्या असतात, म्हणून ही गल्लत हमखास होते. ऑक्सिजन घड्याळावर मोजावा, गॅस काट्यावर.

तिसरी युक्ती ओल्या फडक्याची. टाकी ओल्या फडक्याने पुसली की द्रवाच्या पातळीच्या वरचा भाग लवकर वाळतो आणि खालचा उशिरा. यात तथ्य आहे, घरात ही युक्ती उपयोगीही पडते. पण तिच्याने पातळी कळते, किलो कळत नाहीत. टाकीचा तळ आणि माथा गोलाकार, त्यामुळे बोटांनी मोजलेली उंची आणि आतले वजन यांचा सरळ मेळ बसत नाही. शिवाय भरलेली टाकीही काठोकाठ भरलेली नसते. उष्णतेने द्रव फुगतो म्हणून वर जागा मोकळी सोडावीच लागते. १४.२ किलोच्या घरगुती टाकीत ३३.३ लिटर पाणी मावते, पण गॅस तिच्यात तेवढा भरत नाहीत. तेव्हा रेषा खाली दिसली म्हणून टाकी कमी भरली असेही म्हणता येत नाही.

चौथी युक्ती हाताने उचलून किंवा हलवून बघण्याची. रिकाम्या टाक्यांचे वजन एकसारखे नसते, कोणती जड, कोणती हलकी. पस्तीस-छत्तीस किलोच्या लोखंडात दोन किलोचा फरक हाताला कळतो असे म्हणणाऱ्याने डोळे मिटून एकदा परीक्षा द्यावी. चाचांच्या शागीर्दाला तो कळला नाही, आम्हालाही कळणार नाही.

आरपार दिसणारी टाकी निघाली आहे हे खरे. इंडेनने २०२१ साली आणलेल्या फायबरच्या टाकीत उजेडासमोर धरल्यास द्रवाची पातळी दिसते. पण ती ५ व १० किलोची. भट्टीवर चालते ती १९ किलोची टाकी लोखंडाचीच आहे आणि लोखंडाच्या आत डोकावायला काट्याखेरीज दुसरी खिडकी नाही.

हिशेब टाकीवरच लिहिलेला असतो

यासाठी शाळा शिकलेली असण्याचीही गरज नाही, आकडे वाचता आले की पुरे. टाकीच्या वरच्या कड्याला आधार देणाऱ्या ज्या उभ्या पट्ट्या असतात, त्यांच्यावर किंवा अंगावर रिकाम्या टाकीचे वजन लिहिलेले असते. इंग्रजीत त्याला टेअर वेट म्हणतात आणि टाकीवर 'टी. डब्ल्यू.' अशी दोन अक्षरे असतात. काट्यावर आलेल्या वजनातून हा आकडा वजा करा, उरला तो गॅस.

घरगुती टाकीवर १५.३ लिहिले असेल तर भरलेली टाकी २९.५ किलो भरली पाहिजे. व्यावसायिक टाकीवर १७.८ असेल तर ३६.८ भरली पाहिजे. वापरात असलेली टाकी काट्यावर २४ किलो दाखवत असेल आणि तिच्यावर १७.८ लिहिले असेल, तर आत ६ किलो २०० ग्रॅम गॅस आहे. वजाबाकीचे हे गणित चौथीच्या मुलाला जमते.

एकच काळजी घ्यावी. प्रत्येक टाकीचा आकडा वेगळा असतो, म्हणून मागच्या टाकीचा आकडा पुढच्या टाकीला लावू नये. आकडा पुसट असेल, खरवडलेला किंवा वरून रंगवून बदललेला वाटला, तर ती टाकी घेऊच नये.

वाकून आकडा वाचतच आहात तर त्याच पट्टीवरची दुसरी खूणही वाचून घ्या. ए, बी, सी, डी यांपैकी एक अक्षर आणि वर्षाचे दोन आकडे असतात. ए म्हणजे मार्चअखेर, बी म्हणजे जूनअखेर, सी म्हणजे सप्टेंबरअखेर आणि डी म्हणजे डिसेंबरअखेर. सी-२८ असेल तर त्या टाकीची पुढची तपासणी सप्टेंबर २०२८ पर्यंत व्हायची आहे. मुदत उलटलेली टाकी दारातूनच परत करावी.

घेताना तोला, भीड धरू नका

हे सांगितले की आमचे बांधव तीन हरकती घेतात. पहिली, टाकी आणणारा मुलगा घाईत असतो, थांबत नाही. दुसरी, तोलायला लावले तर तो रागावेल आणि पुढची टाकी उशिरा आणेल. तिसरी, काट्याचा खर्च कोणी करायचा?

पहिल्या हरकतीला उत्तर असे, की टाकी पोचवताना ग्राहकासमोर वजन व गळती तपासून देणे हे त्याचे काम आहे. तेल कंपन्यांनी वितरकांना घालून दिलेल्या नियमांत ते लिहिलेले आहे आणि टाकी पोचवणाऱ्याने त्यासाठी काटा जवळ बाळगायचा असतो. तेव्हा आपण मागतो ती मेहेरबानी नव्हे. वजनमापांचा २००९ चा कायदा १ एप्रिल २०११ पासून लागू आहे. त्यानुसार वस्तू वजनाने विकणाऱ्याने सांगितलेले वजन दिलेच पाहिजे. १४.२ किलोच्या टाकीत १५० ग्रॅमपर्यंत कमी-जास्त चालते. तेव्हा शंभर ग्रॅमसाठी भांडण काढू नये आणि दोन किलोसाठी गप्पही बसू नये.

दुसरी हरकत खरी आहे, ती उडवून लावण्यासारखी नाही. टाकी आणणारा बहुधा आपल्यासारखाच कष्टकरी असतो. तीन मजले खांद्यावर टाकी चढवणाऱ्या त्या मुलाकडे प्रत्येक वेळी चोर म्हणून पाहणे बरे नव्हे. चाकण-शिक्रापूरकडच्या भरणा केंद्रापासून आपल्या दारापर्यंत टाकी अनेक हातांतून जाते. गॅस कोठे कमी झाला हे त्या मुलालाही ठाऊक नसते, पण शिव्या मात्र त्यालाच मिळतात. प्रत्येक दारात वजन होऊ लागले तर प्रामाणिक मुलाचे नाव आपोआप साफ होईल आणि जो मधल्या मध्ये हात मारतो त्याची अडचण होईल. म्हणून तोलताना सुरुवातीलाच सांगावे, "भाई, तुझ्यावर शक नाही, आमचा कायदाच आहे, प्रत्येक टाकी तोलतो." रोजचा रिवाज झाला की कोणी रागावत नाही. आपल्या गिऱ्हाइकाने आपला काटा पाहिला तर आपण कोठे रागावतो?

तिसऱ्या हरकतीबद्दल. पन्नास किलोपर्यंत तोलणारा टांगायचा किंवा जमिनीवर ठेवायचा साधा काटा फार महाग नाही. चाचांनी त्या एका वलीम्यात जे गमावले, तेवढ्यात काटा सहज आला असता. आणि प्रत्येकाने वेगळा काटा घ्यावा असेही नाही. एका ओळीतल्या पाच-सहा दुकानदारांनी मिळून एक घेतला, सर्वांना जवळ पडेल अशा ठिकाणी ठेवला, तरी काम भागते. शेजारी भंगारचे दुकान असेल तर तेवढेही नको, दोन शब्द गोड बोलले की झाले.

वजन कमी भरले तर टाकी स्वीकारू नये. सील तुटलेले असेल तर काटा काढण्याचीही गरज नाही, तशीच परत करावी. एजन्सीने ऐकले नाही तर वैधमापन निरीक्षकाकडे, म्हणजे आपण ज्याला वजनमापे खाते म्हणतो तेथे, लेखी तक्रार करावी. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे. ग्राहक पंचायतीची चळवळ बिंदुमाधव जोशी यांनी १९७४ साली पुण्यातच सुरू केली. त्या शहरातल्या व्यापाऱ्याला ग्राहक म्हणून आपला हक्क मागायला संकोच वाटावा, हे बरोबर नाही. मात्र या सगळ्या दारांत पहिला प्रश्न एकच विचारतात, पावती कोठे आहे?

स्वस्त टाकीचे खरे मोल

येथे आपल्याच लोकांना थोडे कडू सांगणे भाग आहे. व्यावसायिक टाकीवर १८ टक्के जीएसटी, घरगुतीवर ५ टक्के. भावातही फरक. त्यामुळे कोणी घरगुती लाल टाकी भट्टीला लावतो, कोणी बाहेरून बिनपावतीची निळी टाकी घेतो. दोन्ही ठिकाणी आपण दोन पैसे वाचवले असे वाटते.

घरगुती टाकी धंद्यात वापरणे २००० सालच्या गॅस पुरवठा आदेशाने बंद आहे आणि हा आदेश जीवनावश्यक वस्तूंच्या १९५५ च्या कायद्याखालचा आहे. छापा पडला तर टाकी जाते, शेगडी जाते आणि खटला मागे लागतो. विम्याचा दावा करायची वेळ आली तर तेथेही हीच गोष्ट आडवी येते.

बिनपावतीच्या टाकीचे तर विचारूच नका. ती स्वस्त का मिळते? कोणाच्या तरी भरलेल्या टाकीतून गॅस काढून ती भरलेली असते म्हणून. एका टाकीतून दुसरीत गॅस उतरवण्याचे हे धंदे किती घातक असतात हे आपण जवळून पाहिले आहे. २९ मार्च २०२२ रोजी धायरीपासून जवळच, कात्रज भागात, साठवलेल्या टाक्या एकामागून एक फुटल्या आणि बेकायदा गॅस भरण्याचा प्रकार पुढे आला. ८ ऑक्टोबर २०२३ च्या रात्री पिंपरी-चिंचवडमधील ताथवडे येथे टँकरमधून चोरून टाक्या भरताना स्फोट झाले आणि शेजारी उभ्या असलेल्या शाळेच्या बस जळाल्या. दिवसा तेथे मुले असतात. स्वस्त टाकी घेणारा प्रत्येक जण अशा अड्ड्याचा गिऱ्हाईक असतो, त्याला ते माहीत असो वा नसो. आणि जो दुसऱ्याच्या टाकीतून चोरतो तो आपल्याला पूर्ण १९ किलो देईल, हा भरवसा कोणी आणि कशाच्या जोरावर धरावा?

साठ्याचेही लक्षात ठेवावे. परवान्याशिवाय एका जागी १०० किलोपेक्षा जास्त गॅस ठेवता येत नाही. १९ किलोच्या पाच भरलेल्या टाक्या झाल्या की ९५ किलो होतात. लग्नाच्या हंगामात सहावी टाकी आणून ठेवण्यापूर्वी हा आकडा आठवावा.

वापरताना तोला, नफा तेथेच आहे

काटा फक्त फसवणूक पकडण्यासाठी नाही. खरा फायदा रोजच्या हिशेबात आहे, आणि तिकडेच आपले लक्ष नसते.

बिर्याणीवाल्याला विचारा, एका देगेला मटण किती, तांदूळ किती, तेल किती, तो झोपेतही सांगेल. गॅस किती? उत्तर येते, "अंदाजे पाव टाकी." हा अंदाजपंचे दाहोदरसे धरून भाव सांगितला जातो. व्यावसायिक टाकीचा भाव बहुधा दर महिन्याच्या १ तारखेला बदलतो, पण आपला देगेचा भाव वर्षभर तोच. मग वर्षाअखेरीस नफा कोठे गेला म्हणून आपण विचारात पडतो.

उपाय साधा आहे. देग चढवण्यापूर्वी टाकी तोला, उतरल्यावर पुन्हा तोला. दोन आकड्यांतला फरक म्हणजे त्या देगेचा गॅस. टाकीच्या किमतीला १९ ने भागले की किलोचा भाव निघतो. दोहोंचा गुणाकार वहीत लिहा. चार-पाच वेळा असे केले की एका देगेला, शंभर समोशांना किंवा एका गेटच्या कटाईला किती गॅस लागतो याचा स्वतःचा आकडा हाती येतो. कोणाच्या सांगण्यावर विसंबावे लागत नाही. झाकण ठेवल्याने, बर्नरची भोके साफ केल्याने किती वाचते हेही मग काटाच सांगतो.

दुसरा फायदा उरलेल्या गॅसचा. मोठ्या भट्टीवर गॅस जोरात ओढला की आतला द्रव झपाट्याने वाफ होतो, त्या भरात टाकी गार पडते आणि बाहेरून दव किंवा बर्फासारखा थर धरते. द्रव गार झाला की दाब उतरतो आणि ज्योत बारीक होते. थंडीच्या पहाटे हे जास्त घडते. आपण म्हणतो टाकी संपली, आणि काढून देऊन टाकतो. त्या 'रिकाम्या' टाकीला एकदा काट्यावर ठेवा. दीड किलो गॅस आत निघाला तर १९ किलोतला सुमारे तेरावा हिस्सा आपण पैसे देऊन परत पाठवत होतो! अशी टाकी थोडा वेळ उभी ठेवून लहान शेगडीला लावावी, चहाचे काम तिच्यावर होते. मोठ्या भट्टीला दोन टाक्या एकत्र जोडून घ्याव्यात, म्हणजे प्रत्येकीवरचा ओढा कमी होतो. पण ही जोडणी जाणकार फिटरकडूनच करून घ्यावी. टाकी गरम पाण्यात ठेवणे, खाली जाळ धरणे, आडवी किंवा उलटी करणे हे प्रकार आपल्याकडे सर्रास दिसतात. टाकी कलंडली की वाफेऐवजी द्रव रेग्युलेटरमध्ये शिरतो आणि भडका उडतो. चार आण्यांच्या गॅससाठी जीव पणाला लावण्याचे कारण नाही.

तिसरा फायदा सुरक्षेचा. रात्री काम संपल्यावर टाकी बंद करून वजन लिहून ठेवले आणि सकाळी ते कमी भरले, तर समजावे की गळती आहे. वास येत असेल तर मात्र काटा शोधत बसू नये. ज्योत, बिडी, विजेचे बटण कशालाही हात न लावता दारे उघडावी, टाकी बंद करावी आणि १९०६ या आपत्कालीन क्रमांकावर कळवावे. सांध्याची रोजची तपासणी साबणाच्या पाण्याने करावी, काडी पेटवून कधीही नव्हे.

आपला काटा

शेवटी एक गोष्ट राहते. दुसऱ्याकडे पूर्ण माप मागणाऱ्याचे स्वतःचे माप पूर्ण असले पाहिजे. मापात पाप, दांडी मारणे, पासंग ठेवणे हे शब्द मराठीत उगाच आलेले नाहीत, बाजारातूनच आलेले आहेत. मापात कमी देणाऱ्यांबद्दल कुरआनात एक स्वतंत्र सूरह आहे, ८३ वी, अल-मुतफ्फिफीन. तिच्या नावाचा अर्थच माप मारणारे असा आहे. हजरत शुऐब (अ.) यांनी मदयनच्या लोकांना ज्या गोष्टींबद्दल बजावले त्यांतही तराजू आहे. तेव्हा वजनाचा आग्रह धरणे म्हणजे कोत्या मनाचा हिशेबीपणा, असे आपल्यापैकी कोणी तरी समजू नये.

म्हणून गॅस तोलायला घेतलेल्या काट्यावर माल विकणार असाल तर त्या काट्याला वजनमापे खात्याचा शिक्का हवा. इलेक्ट्रॉनिक काट्याची फेरपडताळणी दर १२ महिन्यांनी करून घ्यावी लागते. ज्याचा काटा शिक्क्याचा आहे त्यालाच कमी वजनाच्या टाकीबद्दल ठामपणे बोलता येते. आपलाच काटा खोटा असेल तर एजन्सीचा माणूस पहिल्याच वाक्यात आपले तोंड बंद करील, आणि ते योग्यच होईल.

चाचांनी आता काटा घेतला आहे. टाकी एजन्सीकडूनच घेतात, पावतीवर खडूने नव्हे, पेनाने वजन लिहितात. पहिल्या आठवड्यात टाकी आणणाऱ्या मुलाने कुरकुर केली. आता तो स्वतःच टाकी काट्यावर ठेवतो आणि आकडा मोठ्याने वाचून दाखवतो. शागीर्दाच्या वहीत प्रत्येक देगेसमोर गॅसचा रकाना आहे. परवा त्यांना विचारले, काट्याने काय बदलले? म्हणाले, "आता आधणात तांदूळ सोडताना हात कापत नाही."

धायरीच्या रस्त्यावर आज किती भट्ट्या पेटतात हे मोजलेले नाही. पण त्यांतल्या प्रत्येकीमागच्या टाकीवर रिकाम्या वजनाचा आकडा लिहिलेला आहे. पुढची टाकी दारात उतरेल तेव्हा निदान तो आकडा वाकून वाचावा आणि शेजारच्या काट्यापर्यंत ती दहा पावले न्यावी, एवढीच आमच्या बांधवांना विनंती.